शाळेचे 25 हजार: जुलैतला ठराव आणि मार्चमधला रंग

जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांच्या भिंतींना फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा रंग चढतो. भिंती तेव्हाच खराब होतात असं काही नाही. अनुदानाचं लिमिट, म्हणजे शाळेला खर्च करता येणारी रक्कम, तेव्हा खात्यावर दिसतं, 31 मार्चला न वापरलेली रक्कम परत जाते, आणि रंगाचं पक्कं बिल एका दिवसात मिळतं. मुलींच्या शौचालयाची कडी मात्र जूनपासून तुटलेलीच असते, कारण 80 रुपयांच्या कडीचं बिल करायला कोणालाच उत्साह नसतो.

समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर, म्हणजे विद्यार्थीसंख्येवर, ठरतं. 30 पर्यंत पट असेल तर 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार, पुढे 1000 पर्यंत 75 हजार. हे कमाल आकडे आहेत. पैसे हप्त्याहप्त्यानं येतात, कधी अर्ध्यावर थांबतात. 30 आणि 31 मधल्या एका नावात 15 हजारांचा फरक पडतो. म्हणून आधार जुळत नाही म्हणून लटकलेली दोन-तीन नावं 30 सप्टेंबरच्या आत मार्गी लावणं हे मुख्याध्यापकांचं एकट्याचं काम समजू नये. पालकांना घेऊन आधार केंद्रावर जायला शाळा व्यवस्थापन समितीतलाच माणूस लागतो.

आता 72 पटाची, पहिली ते पाचवीची शाळा धरा. हातात 25 हजार. यातला किमान 10 टक्के भाग, म्हणजे 2,500, स्वच्छतेवर खर्च करावाच लागतो. प्रत्यक्षात तेवढ्यात भागत नाही. फिनेल, ॲसिड, झाडू आणि जेवणाआधी हात धुवायचा साबण वर्षभर पुरवायचा तर 6 हजार धरा. वीज 5 हजार. पाण्याची टाकी धुणं, तोट्या, वॉशर, बॉलकॉक 4 हजार. खडू, हजेऱ्या, कागद 3,500. राहिले 6,500. त्यातले 4 हजार किरकोळ दुरुस्तीला आणि 2,500 दिवाळीनंतरसाठी राखीव. राखीव ठेवायचे, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर पाण्याचा एखादा खर्च आपल्या मराठवाड्यात निघतोच.

हात धुण्याच्या ओट्याबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ विटा रचून ओटा बांधला की दुसऱ्या वर्षी तो कलतो, पाइपचा जोड सुटतो आणि तोट्या शोभेला उरतात. दोन-अडीच फूट खोदून काळी माती काढायची, मुरूम थराथरानं भरून पाणी मारून ठोकायचा, मग वर काँक्रीट. भिंतीला लागून ओटा असेल तर पाइपाचा एक तुकडा लवचिक ठेवायचा. सांडपाणी शोषखड्ड्यात सोडायचं खरं, पण काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही. खड्डा मुरमापर्यंत खोल गेला नाही तर डास ठरलेले. त्यापेक्षा झाडांना वळवलेलं बरं.

अशी मोठी कामं 25 हजारांत बसवायची नसतात. ती ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालायची. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत लेखी मागणी द्या, पोच घ्या, आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती वाचली जाईल याची खात्री करा. पंधराव्या वित्त आयोगात, 2021 ते 2026 या काळासाठी, 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामांसाठी राखलेला, होता. तरीही ‘शाळेसाठी सुविधा’ असा मोघम अर्ज द्यायची सवय गेली नाही. मोघम अर्जाचं अंदाजपत्रक होत नाही आणि तो तिथेच मरतो. ‘500 लिटरची टाकी, 6 तोट्या, नळजोड, अमुक जागी’ असं लिहा.

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. सह्यांपुरत्या आलेल्या बायांना विचारलं तर शौचालयाचा विषय पहिल्या पाच मिनिटांत निघतो. विचारावं मात्र लागतं.

लिमिट उशिरा येणार हे गृहीत धरून ठराव जुलैतच करायचा. वस्तू, नग, दर, एकूण रक्कम, सूचक, अनुमोदक, आणि क्रम. क्रम महत्त्वाचा: निम्मेच पैसे आले तर वरून किती कामं करायची हे मार्चमध्ये भांडत बसावं लागत नाही. तीन दरपत्रकं आधीच काढून ठेवा. लिमिट पडलं की आठवड्यात खरेदी, त्याच दिवशी साठा नोंदवहीत आणि किर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) नोंद. पोषण आहाराचे पैसे यात उसने घ्यायचे नाहीत, दोन दिवसांसाठीसुद्धा.

बीड, धाराशिव, जालन्यातल्या ऊसतोडीच्या गावांत समितीचं खरं काम सप्टेंबरात सुरू होतं. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. आईबाप तोडीला गेल्यावर पोरांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव त्याआधी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात पोचला नाही तर पोरं कोप्यावर, म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या झोपड्यांवर, गेलेली असतात आणि मंजुरी रिकाम्या गावाला मिळते. यादी करताना तांड्यावर, वस्तीवर संध्याकाळी जा आणि मुकादमनिहाय (टोळी नेणाऱ्या माणसाप्रमाणे) लिहा: कोणत्या पोराची आजी गावात राहणार, कोणाचं कोणीच नाही, कोणती मुलगी लहान भावंडाला सांभाळायला नेली जाणार. या शेवटच्या मुलींबद्दल जास्त बोलावं लागतं. तिथे आईशी बोलायचं. पैसे उशिरा येतात, तोवर किराणा उधारीवर चालतो. म्हणून दुकानदार आणि स्वयंपाकीण दोघांशी आधीच स्पष्ट बोलून ठेवा. हजेरी खोटी फुगवू नका. तपासणीत एक नाव खोटं निघालं की पुढच्या वर्षीचा प्रस्ताव अडकतो आणि भोगतात ती खरी पोरं.

खेळासाठी प्राथमिक शाळेला वेगळे 5 हजारांपर्यंत मिळतात. क्रिकेटच्या एका किटमध्ये ते घालवू नका. बॅट दोघांच्या हातात आणि बाकीचे बघे. दोरीउड्या, चार-पाच रबरी चेंडू, लेझीम, आणि खो-खोचे दोन खांब, जमिनीवर 120 सेंटिमीटर. काळ्या मातीत तेही मुरूम भरूनच रोवा. लेझीम 15 ऑगस्टला, 17 सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला आणि 26 जानेवारीला, तिन्ही वेळा उपयोगी पडते.

सहलीचा खर्च संयुक्त अनुदानात टाकायचा नाही. तो वर्गणीतून, आणि ज्यांना जमत नाही त्यांचं समितीनं नाव न घेता भरायचं. एसटी शालेय सहलींना 50 टक्के सवलत देते, आगारात अर्ज लवकर द्या. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. 15 वर्षांखालच्या मुलांना दोन्हीकडे तिकीट नाही, त्यामुळे प्रवेशाचे पैसे पोरांकडून घेऊ नका.