रेबेका आजीचा कान

दिवसभर मी दुकानात भाऊंचे वाढदिवस काढतो. म्हणजे फ्लेक्स. मधे भाऊ, वर नेतेमंडळी, खाली पंचवीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, आणि एखाद्याचा फोटो बाजूच्यापेक्षा जरा लहान झाला की फोन चालू. शिरपूरात हेच काम चालतं, तक्रार नाही. पण रात्री शटर ओढलं की गेल्या दीड वर्षापासून एक वेगळंच काढतोय, सेलमचे चेटकीण खटले, ग्राफिक नॉव्हेल, पूर्ण मराठीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १६९२ साल, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स, तेव्हा इंग्रजांची वसाहत. पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या घरात नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची भाची अंग वाकडंतिकडं करायला, किंचाळायला लागल्या आणि तिथून जे सुरू झालं ते १९ जणांना फाशी देऊन थांबलं, त्यात ५ पुरुष होते. फाशी हं, जाळलं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय कारण मी स्वतः पहिलं कव्हर आगीचं केलं होतं, मस्त नारिंगी ग्रेडियंट मारून, आणि मग वाचल्यावर कळलं की सेलमला कोणालाच जाळलं नव्हतं. तीन रात्री पाण्यात.

पण खरं अडलं ते भुताशी.

त्या कोर्टात पुरावा काय चालायचा तर मुली म्हणायच्या, या बाईचं भूत येऊन आम्हाला चिमटे काढतं, चावतं. भूत फक्त त्या मुलींना दिसायचं, बाकी कोणाला नाही. आणि बाई तेव्हा घरी झोपलेली असली तरी फरक पडत नव्हता, कारण भूत तर तिचंच ना! आता चित्रात हे कसं दाखवणार? मी आधी मस्त धुरकट, ट्रान्सपरंट भूत काढलं होतं, लांब केसवालं. मित्राने बघितलं, म्हणे एक नंबर, असंच ठेव, हॉरर चालतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पान उघडलं आणि कसंतरीच झालं. गोष्टीत काढलेलं म्हणजे वाचणाऱ्यासाठी झालेलं. मी भूत काढलं की मीच त्या बाईविरुद्ध साक्ष दिली. मग सगळी भुतं डिलीट. आता पानांवर फक्त बोट दाखवणाऱ्या मुली आणि त्या बोटापुढे रिकामी भिंत.

सगळ्यात जास्त पानं रेबेका नर्सला दिलीत. ७१ वर्षांची म्हातारी, ऐकायला कमी. चौकशी २४ मार्चला झाली, आणि लिहून घ्यायला कोण बसलेलं तर तोच पाद्री, ज्याच्या घरात हे सगळं सुरू झालं. त्यानेच लिहून ठेवलंय की म्हातारीने मान एका बाजूला केली तर एका मुलीची मान तशीच वाकडी अडकली, आणि दुसरी ओरडली की म्हातारीचं डोकं सरळ करा नाहीतर हिची मान मोडेल. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा आमची आजीच आठवली. तिलाही एका कानाने नीट ऐकू येत नाही, काही विचारलं की बरा कान पुढे करून अशीच मान कलती करते. रेबेकाने मान का वाकडी केली हे पाद्र्याने लिहिलेलं नाही, पण मला तर वाटतं बिचारी ऐकायचा प्रयत्न करत असेल.

पुढे तर अजून. ३९ शेजाऱ्यांनी तिच्या बाजूने सह्या दिल्या, ज्युरीने तिला निर्दोष सोडलं, तर मुलींनी असा आरडाओरडा केला की जज स्टॉटनने ज्युरीला म्हटलं, ती मघाशी एक वाक्य बोलली त्याचा विचार केला का? दुसरी एक कैदी साक्षीला आणली होती तेव्हा रेबेका बोलली होती की ही तर आमच्यातलीच. तिला म्हणायचं होतं आमच्यासोबत कैदेत असलेली, यांनी धरलं चेटकिणींपैकी. ज्युरीने तिलाच विचारलं, याचा अर्थ काय. ती गप्प. तिला ऐकूच आलं नव्हतं. दोषी. १९ जुलैला फाशी.

तो प्रश्न मी पाच चौकटीत काढलाय. पहिल्या फुग्यात पूर्ण वाक्य, मग अर्धी अक्षरं गळालेली, मग फुगा कोरा. लेटरिंगच्या सगळ्या ट्रिका त्या एका पानावर संपवल्या. सारा गुड म्हणून दुसरी एक आरोपी होती, तिची चार-पाच वर्षांची पोरगी साखळीने बांधून महिनोन् महिने तुरुंगात ठेवली होती, ते पान मात्र अजून पेन्सिलमध्येच आहे, पुढे जात नाही.

लोक विचारतात, सेलम कशाला, आपल्याकडे काय कमी आहे का? नाहीच कमी. धडगाव, अक्कलकुवा साईडला डाकीण म्हणून बाईला मारल्याची बातमी आजही पेपरात येते, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा असून. आधी प्लॅनच तो होता, डाव्या पानावर सेलम, उजव्या पानावर सातपुडा. सोडून दिला. कारण शिरपूरात हे निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं, "पाड्यावरचे अडाणी लोक". अरे, स्टॉटन हार्वर्डचा पदवीधर होता! आणि भगत जे सांगतो ते आणि त्या मुली जे सांगायच्या ते, दोन्हीत पाहणारा एकटाच. तर आधी शिकलेल्यांची गोष्ट होऊ दे. पाड्याची गोष्ट तिथलं कोणी काढेल तर मी फुकट लेटरिंग करून देईन, खरंच.

परवा रेबेकाचं पान उरलेल्या फ्लेक्सच्या तुकड्यावर टेस्ट प्रिंट मारून घरी नेलं. आजीने डोळ्याजवळ धरून बघितलं.

"हाई कोन शे?"

सांगितलं, एक म्हातारी होती, फाशी दिली तिला.

"तिनी काय करेल व्हतं?"

"काहीच नई."

"कितला?"

"काहीच नई वं माय!" मी ओरडलो, शेजारची कुत्री भुंकायला लागली. आजी मान कलती करून तसंच बघत बसली. पोझ तिचीच घेतलीय हे तिला सांगितलं नव्हतं.

मग म्हणाली, "मना कान इतला मोठा शे का रे?"