तेच लाकूड गळ्यात कामून?

“तुमच्या देवाला ज्याच्यावर मारलं, तेच लाकूड गळ्यात कामून घालता?” जालना असो, परभणी असो की नांदेड, ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न चुकत नाही. ओळख थोडी वाढली की दुसरा येतो: “स्वतःला वाचवता आलं नाही, तो आम्हाला काय वाचवणार?” मुसलमान शेजारी तिसरा विचारतात: ईसा अलैहिस्सलामांना, म्हणजे येशूला, सुळावर दिलंच गेलं नाही, मग हा क्रूस कशाचा? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिला प्रश्न नवा नाही. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर भिंतीवर ओरखडून काढलेलं एक चित्र १८५७ साली सापडलं. ते साधारण इसवी सन २०० च्या सुमाराचं मानतात. क्रूसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, त्याच्यापुढे हात उचललेला एकजण आणि खाली ग्रीकमध्ये ओळ: अलेक्सामेनोस देवाची पूजा करतो. येशूच्या क्रूसाच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक म्हणजे ही टवाळी. तेव्हा विचारलंत याचा राग नाही. राग याचा येतो की ते मारण्याचं साधन होतं हे जणू आमच्या ध्यानातच आलेलं नाही, असं धरून तुम्ही विचारता.

ज्यांनी ती शिक्षा डोळ्यांनी पाहिली होती, त्यांनी क्रूस मिरवला नाही. त्यांच्या थडग्यांवर मासा, जहाजाचा नांगर, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ दिसतो. चौथ्या शतकात ही शिक्षा बंद पडली. रोमच्या सांता साबीना चर्चच्या लाकडी दारावर क्रूसाचा देखावा कोरला तो त्यानंतर, ४३० च्या आसपास. म्हणून सराफाकडून तीन ग्रॅममध्ये घडवलेल्या क्रूसाबद्दल तुम्ही विचारलंत तर प्रश्न रास्तच आहे. त्याची बाजू मी घेणार नाही.

आता येशूला मारलं त्या दिवसाकडे येतो, कारण तो कळल्याशिवाय पुढचं बोलणं फुकट आहे.

वधस्तंभाची, म्हणजे क्रूसाची, शिक्षा रोमन नागरिकाला सहसा होत नसे. ती गुलामांची, बंडखोरांची, परक्यांची. इसवी सनापूर्वी ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर ६,००० गुलाम कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेनं असे टांगले होते. आधी चाबूक, त्याच्या वाद्यांत हाडाचे नाहीतर शिशाचे तुकडे असत. उभा खांब बहुतेक जागेवर पुरलेलाच असे, कैद्याच्या खांद्यावर आडवी तुळई देत. येशूला तीही झेपेना, म्हणून रस्त्यानं चाललेल्या शिमोन कुरेनेकराला वेठीला धरलं. मग अंगावरचे कपडे काढत. चित्रांत कमरेला जे वस्त्र दिसतं, ती चित्रकारांची भीड.

चित्रांत खिळेही तळहातात दिसतात. नुसत्या तळहातावर वजन दिलं तर तो फाटतो. त्यामुळे खिळा मनगटापाशी मारत किंवा हात दोरीनं बांधत. १९६८ मध्ये जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात टाचेचं हाड मिळालं, त्यात ११.५ सेंटिमीटरचा खिळा बाजूनं आरपार गेलेला. लाकडातल्या गाठीला लागून टोक वाकलं असावं, खिळा निघाला नाही आणि हाडासकट पुरला गेला. एरवी खिळे काढून परत वापरत आणि प्रेतांना बहुतेकदा माती मिळत नसे. हजारो माणसं अशी मेली, पण पुरावा म्हणून हाती लागली ती अशी एखाद-दुसरी टाच.

मरण कशानं येई यावर डॉक्टरांचं एकमत नाही: रक्त जाणं, तहान, धक्का, श्वास कोंडणं. काहीजण दोन-दोन दिवस जगत. लवकर आटपायचं तर पाय मोडत. बायबलात येशूचं चरित्र चौघांनी लिहिलंय: मत्तय, मार्क, लूक, योहान. योहान सांगतो की दोन्ही बाजूंच्या माणसांचे मोडले, येशू तोवर गेलेला होता. मार्कच्या हिशेबानं सकाळी ९ ला खिळलं आणि दुपारी ३ ला प्राण गेला. इतक्या लवकर गेला, याचं शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदार पिलातालाही नवल वाटलं. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) भर उन्हात आम्ही १२ ते ३ उपासनेला बसतो, ती हीच वेळ. त्यात क्रूसावरून येशूनं काढलेल्या सात उद्गारांवर बोलतात. तीन लूकमधले, तीन योहानातले, आणि मार्क व मत्तय यांच्याकडे मिळून एकच: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? हे बायबलातल्या जुन्या स्तोत्र २२ चं पहिलं वाक्य आहे आणि त्या स्तोत्राचा शेवट आनंदाचा आहे, असं पाळक समजावतात. खरं आहे. पण मार्कनं शेवट लिहिलेला नाही, पहिलंच वाक्य लिहिलंय.

आणि खाली उभे राहिलेले म्हणत होते: यानं दुसऱ्यांना वाचवलं, स्वतःला वाचवता येत नाही! तुमचा दुसरा प्रश्न त्याच दिवशी, तिथंच विचारून झालाय. उत्तर आलं नाही. तो खाली उतरला नाही.

मुसलमान शेजाऱ्यांशी मी वाद घालत नाही. अल्लाह आपल्या पैगंबराची अशी विटंबना होऊ देणार नाही, यात आदरच आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस मात्र पिलाताच्या हातून झालेला देहदंड नोंदवतो, आणि आमची श्रद्धा नेमकी त्या विटंबनेवर उभी आहे.

मग अर्थ काय? पूर्वी माझं उत्तर ठरलेलं असे: न्यायाधीश आरोपीला दंड ठोठावतो आणि मग खाली उतरून स्वतःच्या खिशातून भरतो. व्यासपीठावर हे छान चालतं. पण एखादा शहाणा शेतकरी विचारतो, दंड पैशाचा असेल तर ठीक. एकाच्या खुनाला दुसऱ्याला फाशी, हा कुठला न्याय? आणि बापाचा राग मुलाचं रक्त बघूनच शांत होतो का? या मांडणीचा पाया अन्सेल्म या धर्मपंडितानं १०९८ च्या सुमारास घातला, सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांनी तिला कोर्टाचं रूप दिलं. त्याआधीची हजारभर वर्षं लोक जास्त करून खंडणी देऊन सोडवणं, मरणावर विजय अशा भाषेत बोलत. निकेयाचा मतांगीकार, म्हणजे चर्चमध्ये म्हणतात ती श्रद्धेची जुनी कबुली, तोही ‘आम्हांसाठी’ एवढंच म्हणतो. कसं, ते सांगत नाही.

मला आता बायबलातल्या इब्री पत्रातली एक गोष्ट जास्त पटते: येशूनं वेशीबाहेर दुःख सोसलं. मराठवाड्यात याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं तेव्हापासून इथल्या मंडळ्यांत आलेली कितीतरी घरं गावकुसाबाहेरचीच. देव देवळातून नाही, त्या बाजूनं आला, हे त्यांना तुमच्या-माझ्या आधी कळलं असणार.

पण हेही नासतं. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘हा तुझा क्रूस आहे, उचल’ असं सांगणारे आमच्यातच आहेत. आपला क्रूस स्वतः उचलायचा असतो, मारणाऱ्यानं दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा नसतो. असा उपदेश करणाऱ्याला मी चारचौघांत अडवतो.

आणि कोर्टाचं उत्तर पुरतं टाकलं म्हणावं, तर तेही जमलेलं नाही. मंडळीतली जुनी माणसं मला बजावतात: तो वेशीबाहेर येऊन आमच्यात बसला, कबूल; पण माझ्या हातून जे झालं ते कोण फेडणार? बायबलात पत्रं लिहिणारा प्रेषित पौल दोन्ही बोलतो. मी एकावर जोर दिला की ते दुसऱ्यावर देतात, आणि दर उत्तम शुक्रवारी उपासना सुटल्यावर चपला घालता घालता हाच वाद पुन्हा सुरू होतो.