मान वर की खाली?

तुम्ही विचारलंत म्हणून. किआरी (लहान मेंदूची टोकं कवटीच्या तळातून खाली उतरण्याचा दोष) निघालंय, तर मान नेमकी कशी ठेवायची? ‘सरळ ठेवा’ हे अर्धंच उत्तर झालं. अडचण मागून आहे की पुढून, ते आधी बघावं लागतं.

कवटीच्या तळाशी मोठं भोक असतं. त्यातून मज्जारज्जू खाली उतरतो आणि भोवतीच्या फटीतून मेंदूतलं पाणी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला खाली सरकतं, परत वर येतं. किआरीत लहान मेंदूची टोकं मागच्या बाजूने या भोकात उतरून बुचासारखी बसतात. साधारण ५ मिलिमीटरपेक्षा जास्त उतरली तर निदान होतं. मान मागे टाकली की मागची फट आणखी आवळू शकते. म्हणून घळ घेऊन आंबे काढताना डोक्याच्या मागे कळ येते. खोकला, शिंक, शौचाला कुंथणं यांनीही येते, कारण दाब वाढतो आणि पाण्याला वाट नसते.

बॅसिलर इनव्हॅजिनेशन या दुसऱ्या दोषात उलटं. मानेच्या दुसऱ्या मणक्याचा खुंट वर कवटीच्या भोकात घुसलेला असतो. हनुवटी छातीकडे नेली की तो पुढून मेंदूच्या देठावर रेटतो. लावणीत तासभर मान घालून राहिल्यावर हातापायांना मुंग्या येतात त्या यामुळे असू शकतात. काहींना दोन्ही एकदम असतं.

एमआरआय मात्र उताणं झोपवून, मान सरळ ठेवून काढतात, त्यामुळे त्रास होतो ती स्थिती त्यात दिसतच नाही. पाणी वाहतंय का हे सिने एमआरआयमध्ये, म्हणजे हलतं चित्र दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये कळतं. मान वाकवून एक्स-रे सांगितला तर मान तुम्ही स्वतः, दुखेल तिथे थांबत वाकवायची. कोणी ढकलायची नाही.

रोजचं सांगायचं तर उताणं झोपताना उशी पातळ, कुशीवर कान आणि खांदा यांतली पोकळी भरेल एवढी. पालथं नको. डोक्यावर मासळीची पाटी, पाण्याची कळशी, शीर्षासन, हलासन बंद. आणि दाढीनंतर न्हाव्याला मान मोडू देणं तर अजिबात नाही. आमच्या मते सगळ्यांत धोक्याची आणि सगळ्यांत सहज टाळता येणारी गोष्ट हीच.

कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना हे आधी सांगा. श्वासाची नळी घालताना ते मान मागे वाकवतात. कमरेतून पाणी काढायचं ठरलं तरीही सांगा. आणि चुलीवरचं भांडं धरून हात भाजला पण कळलं नाही, घास नाकातून आला, आवाज बसला, चालताना तोल जायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता न्यूरोसर्जनकडे जा.