तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मनीत घर घेताना कुठे घाबरायचं?

पुण्याला गेले की हा प्रश्न ठरलेला. चुलत दिरापासून आईच्या भिशीतल्या काकूंपर्यंत सगळे विचारतात, "तिकडे घर घेतलंत म्हणे? भाषा धड येत नाही, ओळखपाळख नाही, फसवलं नाही का कोणी?" आणि श्टुटगार्टला नवीन आलेली, चाकण-हिंजवडीहून बदली झालेली मुलं विचारतात, "ताई, तुमच्या एजंटचा नंबर द्याल?"

नंबर देते, पण त्याचा फारसा उपयोग नाही. फसवायला कोणी बसलेलंच नव्हतं. आम्ही आमचे आमचेच फसत होतो, कारण पुण्यात जिथे घाबरायचं असतं तिथेच आम्ही इथेही घाबरत होतो.

सिंहगड रोडचा फ्लॅट घेतला तेव्हा सासऱ्यांनी बजावलं होतं: वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढ, भोगवटा प्रमाणपत्र बघ, कन्व्हेयन्स झालंय का विचार. ही सगळी भीती मेतकुटाच्या पुडीसारखी बॅगेत भरून आम्ही इकडे आलो. २०२३ मध्ये श्टुटगार्टजवळच्या एसलिंगेनला घर घेण्याआधी नऊ घरं पाहिली. पहिल्याच घरात मी एजंटला विचारलं, "हे कार्पेट की बिल्टअप?" तो बिचारा खाली गालिचा शोधायला लागला. इथे जाहिरातीत सहसा राहण्याजोगं क्षेत्रफळच देतात. भिंती त्यात धरत नाहीत, बाल्कनी साधारण पावपट धरतात. पोटमाळ्याच्या घरात तर आणखी बारकावा: उतरत्या छपराखाली एक मीटरपेक्षा कमी उंचीची जागा मोजायचीच नाही, एक ते दोन मीटरमधली निम्मी. म्हणजे कागदावरच्या आकड्यापेक्षा फरशी जास्त दिसते आणि माझा सहा फुटी नवरा घरभर मान तिरकी करून हिंडतो. 'तीन खोल्या' म्हणजे आपला टूबीएचके, कारण स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजणीत येतच नाही.

मालकीची भीती मात्र इथे जवळजवळ फुकट जाते. ग्रुंडबूख नावाची सरकारी जमीन-नोंदवही असते. तिच्यात ज्याचं नाव तो मालक, आणि तिच्यावर विसंबून व्यवहार करणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. ती वही कोणालाही सहज चाळता येत नाही, विकणाऱ्याकडून उतारा मागवावा लागतो. त्यात पहिला भाग मालकाचा, तिसरा गहाणाचा. वाचायचा तो दुसरा भाग.

आम्ही तो वाचत नव्हतो. एक घर चांगलंच स्वस्त होतं. जाहिरातीत 'वोनरेश्ट' असा शब्द होता. शब्दकोशात पाहिलं: राहण्याचा हक्क. मला वाटलं, एनए झालेलं असणार. बघायला गेलो तर खिडकीत एक आजी विणत बसलेल्या. त्या विकणाऱ्याच्या आई, आणि मरेपर्यंत त्या घरात राहण्याचा त्यांचा हक्क दुसऱ्या भागात नोंदवलेला. घर आमचं झालं असतं, राहिल्या असत्या आजी. त्यांनी आम्हाला केक दिला. एजंटने काही लपवलं नव्हतं, जाहिरातीतच सगळं छापलेलं होतं. भाडेकरूंचंही असंच. घर विकलं म्हणून भाडेकरूचा करार संपत नाही, नवा मालक त्यात आपोआप येतो. म्हणून भाडेकरू असलेलं घर बऱ्याचदा स्वस्त मिळतं आणि नवखा माणूस खूश होतो.

टोकनचीही गंमत सांगते. एक घर आवडलं तसं मी विचारलं, "टोकन किती देऊ?" नोटरीपुढे करार झाल्याशिवाय इथे ना विकणारा बांधील ना घेणारा. तोंडी शब्द, ईमेल, हस्तांदोलन, सगळं हवेत. एजंटने छापील अर्जावर 'राखून ठेवण्याची फी' मागितली, तर एप्रिल २०२३ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने अशा सरसकट अटींतली फी बाद ठरवली आहे. रोखीचा तर प्रश्नच नाही. १ एप्रिल २०२३ पासून घराची किंमत रोखीत देणं कायद्यानेच बंद झालं. 'किती पांढरे, किती काळे' हा प्रश्न विचारणारे काका हे ऐकून जरा हिरमुसतात.

मग घाबरायचं कुठे? इमारतीच्या सभांच्या मिनिट्समध्ये. थट्टा करत नाहीये.

एक घर असंच पाहिलं: द्राक्षमळ्यांकडे तोंड असलेली बाल्कनी, सकाळचं ऊन, १९७२ची भक्कम इमारत. आमचे मनात पडदेसुद्धा लावून झाले होते. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी विचारलं, "मालकांच्या सभांचे प्रोटोकॉल वाचलेत?" आपल्या सोसायटीच्या सभेचा इतिवृत्तान्त आठवला: पार्किंग, कुत्रा, गच्चीवरचं वाळवण. तरी मागवले, तीन वर्षांचे. शब्दकोश घेऊन दोन रविवार बसलो. तिन्ही वर्षी तोच विषय: उभ्या पाइपलाइन गंजल्या आहेत, बदलायला हव्यात. तिन्ही वर्षी तोच ठराव: पुढच्या सभेत पाहू. शेवटच्या वर्षी सपाट छताची गळतीही त्यात आली होती. इमारतीच्या दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे ते पाहिलं, आणि पडदे मनातल्या मनात काढून ठेवले. निधी पुरत नसेल तर प्रत्येक मालकावर वेगळी वर्गणी बसते, आणि ती भरायची मुदत येते त्या दिवशी जो मालक असेल तो सापडतो. जुन्या घराच्या करारात तर 'जसं पाहिलं तसं घेतलं' या अर्थाचं कलम हमखास असतं. मुद्दाम लपवलेला दोष सोडला तर नंतर बोलायला जागा नाही.

नोटरीबद्दलही आमचा गैरसमज होता. आपल्याकडे कोर्टाबाहेर छत्रीखाली बसलेले असतात, तसे हे नव्हेत. हे दोन्ही बाजूंचे, म्हणजे कोणाच्याच बाजूचे नाहीत. करार शब्दन् शब्द मोठ्याने वाचणं त्यांना कायद्याने बंधनकारक. सत्यनारायणाच्या पोथीसारखा अध्यायामागून अध्याय, फक्त भटजींच्या दुप्पट वेगाने. भाषा कळत नसेल तर दुभाष्या लागतो. नवऱ्याचं जर्मन बरं आहे, पण तो स्वतःच खरेदीदार, त्याला माझा दुभाष्या होता येत नाही. मध्येच हात वर करून विचारायची मुभा असते, आणि मी चारदा विचारलं. पण किंमत जास्त आहे का, भिंतीत ओल आहे का, हे नोटरी बघत नाही. ते बघायला आम्ही वेगळा बांधकाम-तज्ज्ञ नेला. त्याची फी देताना जीव कळवळला होता.

पैशांचं थोडक्यात. किमतीवर आणखी दहा टक्के तरी लागतात, आणि बँका ते आपल्या खिशातून मागतात. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात खरेदी-कर ५ टक्के (शेजारच्या बायर्नमध्ये ३.५, म्हणून तिकडचे लोक उगाच मिरवतात), नोटरी आणि नोंदणीचे साधारण २, एजंटचे बहुधा ३.५७. चार लाख युरोंच्या घरावर हे बेचाळीस हजार होतात. बोनस आला की कर्जात टाकायचा, ही आपली चांगली सवय इथे महागात पडू शकते. व्याज बऱ्याचदा दहा वर्षांसाठी बांधलेलं असतं, आणि करारात ठरलेल्या वार्षिक मर्यादेपलीकडे आधी फेडलं तर बँक भरपाई मागते. ती मर्यादा सही करण्याआधी मागून घ्या. आणि बसवलेल्या स्वयंपाकघराची किंमत करारात वेगळी दाखवा, तेवढ्यावर खरेदी-कर लागत नाही. स्वयंपाकघर असलं तर, म्हणा. आम्हाला मिळालं ते म्हणजे एक नळ आणि भिंतीतून लोंबणाऱ्या तीन वायरी. जुना मालक ओटा, सिंक, कपाटं सगळं उचलून घेऊन गेला होता, आणि करारात तसं लिहिलेलंही होतं. सहा आठवडे आम्ही न्हाणीघराच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले.

गेल्या वसंतात आमच्या इमारतीची सभा झाली. विषय क्रमांक ७, तळघराच्या भिंतीची ओल. तळमजल्यावरचे एक गृहस्थ पुढच्या वर्षी घर विकणार आहेत. ते म्हणाले, पुढच्या सभेत पाहू. मी हात वर केला आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की आत्ताच अंदाजपत्रक मागवा. ठराव दोन मतांनी पडला. पण माझं म्हणणं नोंदवून घ्या, असं मी सभेच्या अध्यक्षांना दोनदा सांगितलं, आणि प्रोटोकॉल आला तेव्हा पान तीनवर ते नीट लिहिलेलं आहे की नाही, ते पाहून घेतलं.