‘ब्रिडा’ : जादूविद्या शिकणाऱ्या मुलीची कादंबरी

पाउलो कोएलो यांची ‘ब्रिडा’ ही कादंबरी १९९० साली प्रसिद्ध झाली. आयर्लंडमधली ब्रिडा ही तरुणी जादूविद्या शिकवण्याची विनंती घेऊन रानात एकट्या राहणाऱ्या मॅगस या जादूगार गुरूकडे जाते, तिथून कथानक सुरू होते. चेटकीण म्हणजे एकतर खलनायिका किंवा छळाला बळी पडलेली बाई, अशा दोनच रूपांत साहित्य तिला वारंवार दाखवते. इथे ती विद्यार्थिनी आहे, आणि शिकण्याच्या प्रक्रियेकडे लेखकाने इतक्या आस्थेने पाहिले आहे, म्हणूनच ही कादंबरी मला मोलाची वाटते.

मॅगस पहिल्याच दिवशी तिला अंधाऱ्या जंगलात एकटीला सोडून निघून जातो. ना मंत्र, ना विधी. फक्त रात्रभर तिथेच थांबायचे. ब्रिडा घाबरते, प्रार्थना करते, परत फिरण्याचा विचार तिच्या मनात येतो आणि तरीही ती पहाटेपर्यंत बसून राहते. भीती नाहीशी होत नाही, पण भीती असतानाही विश्वास ठेवता येतो, हे तिला त्या रात्री उमगते. माझ्या मते पुस्तकातले सर्वांत सकस लेखन याच प्रसंगात आहे, कारण इथे अध्यात्म उपदेशातून न येता अंगावरच्या काट्यातून येते.

तिच्या स्वभावातला एक दोषही लेखकाने नेमका पकडला आहे. एक वाट धरली की बाकीच्या वाटांवर पाणी सोडावे लागते, या धास्तीने ती कशातच खोल उतरत नाही. मॅगसकडची सूर्याची परंपरा आणि विक्का या गुरूस्त्रीकडची चंद्राची परंपरा यांच्यामधला तिचा प्रवास त्यामुळे केवळ विद्येचा राहत नाही. विक्का तिच्या हाती टॅरोची, म्हणजे भविष्य पाहण्याच्या पत्त्यांची, पाने देते, तेव्हाही खरी कसोटी चिकाटीची असते.

आत्म्याच्या जोडीदाराची कल्पना मात्र मला खटकली. जोडीदाराच्या डाव्या खांद्यावर प्रकाश दिसतो, असे कादंबरी सांगते, आणि ब्रिडा आपली जोडीदार आहे हे मॅगसला पहिल्या भेटीतच कळलेले असते. तो ते तिच्यापासून लपवतो. परिणामी शिष्येच्या साधनेवर गुरूच्या एकाकीपणाची सावली पडते. तिचा प्रियकर लोरेन्स भौतिकशास्त्राच्या क्षेत्रातला आहे. त्या जगाशी या विद्येचा वाद खरोखर रंगला असता, पण लेखक तो फारसा ताणत नाही.

शिवाय, ज्या भूमीवर हे घडते तिचा इतिहास कठोर आहे. १३२४ साली किल्केनीत ॲलिस काइटलर हिच्यावर चेटूक केल्याचा आरोप झाला. ती निसटली, आणि तिची दासी पेट्रोनिला हिला जिवंत जाळण्यात आले. ब्रिडाची सारी भीती आतली आहे, समाजाची धग तिला जवळजवळ लागतच नाही. त्यामुळे तिच्या धाडसाचे वजन काहीसे कमी होते.

चेटकिणींच्या विद्येला धर्म मानणाऱ्या आधुनिक जादूधर्माच्या इतिहासातली डोरीन व्हॅलिएंटे मला या संदर्भात आठवते. ब्रिटनमधला जादूटोण्याविषयीचा जुना कायदा १९५१ साली रद्द झाला, आणि १९५३ साली तिने या धर्माचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर यांच्याकडून दीक्षा घेतली. गुरूच्या विधिग्रंथात ॲलिस्टर क्रोली या इंग्रज गूढविद्या-लेखकाचा मजकूर आहे, हे तिने ओळखले आणि गार्डनर यांना तसे स्पष्ट विचारले. पुढे त्यातला बराच भाग तिने स्वतः नव्याने लिहिला आणि १९५७ साली मतभेदांमुळे ती त्यांच्यापासून वेगळी झाली. तिची श्रद्धा मात्र टिकली. रात्रभर जंगलात बसण्याइतकी धीट असलेली ब्रिडा विक्कासमोर असा एखादा अवघड प्रश्न घेऊन उभी राहिली असती, तर तिचा शोध मला अधिक तिचा स्वतःचा वाटला असता.