ग्रेड बी अधिकारी परीक्षा : दोन प्रयत्नांच्या मधले वर्ष

रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी पदाची परीक्षा मी दोनदा दिली. २०२२ मध्ये दुसऱ्या टप्प्यात अडकले आणि २०२३ मध्ये माझी निवड झाली. या दोन प्रयत्नांच्या मधल्या वर्षात माझी माहिती फारशी वाढली नव्हती. बदलली ती उत्तर लिहिण्याची पद्धत. त्याबद्दलच सविस्तर लिहावे असे वाटते, कारण तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना मला सतत जाणवते की सगळा वेळ अभ्याससाहित्य जमवण्यात जातो आणि एखादे पूर्ण उत्तर घड्याळ लावून टाइप करून पाहण्याची वेळ परीक्षेच्या आठवड्यापर्यंत येतच नाही.

या परीक्षेकडे मी वळले ते घरातल्या एका प्रसंगामुळे. बाबा बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि मिळालेल्या रकमेतले चार लाखांच्या आसपास पैसे त्यांनी एका छोट्या नागरी सहकारी बँकेत मुदत ठेवीत ठेवले. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना त्या बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि आपलेच पैसे ठरावीक मर्यादेपलीकडे काढता येत नाहीत, हे बाबांना शाखेच्या दारावर चिकटवलेल्या कागदावरून कळले. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ मधील कलम ३५अ (याच कलमाखाली रिझर्व्ह बँक बँकांना असे निर्देश देते) या शब्दांशी माझी पहिली ओळख त्या कागदावर झाली. पुढे ठेवींच्या विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख झाली, २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आली आणि बाबांचे पैसे अखेर परत मिळाले. त्या सगळ्या काळात बाबा एकच प्रश्न विचारत असत : बँकेची अवस्था बिघडते आहे यावर लक्ष कोणाचे असते? त्याचे नीट उत्तर मला तेव्हा देता आले नाही.

पदवीनंतर मी दादरमधील एका बँकेच्या शाखेत लिपिक म्हणून नोकरीला लागले आणि तिथूनच तयारी सुरू केली. विक्रोळीच्या कन्नमवार नगरमधून सकाळी निघायचे, संध्याकाळी परतताना महापालिकेच्या अभ्यासिकेत साडेनऊपर्यंत बसायचे आणि रात्री जेवणानंतर एक तास चालू घडामोडी वाचायच्या, असा क्रम होता. एका खासगी क्लासची फीही भरली. त्या क्लासकडून दर महिन्याला शंभराहून अधिक पानांची पीडीएफ येत असे, आणि ती संपवण्याच्या धडपडीत मूळ कागदपत्रे वाचायला वेळच उरत नसे. आज मागे पाहता त्या पैशांपेक्षा त्या वेळाबद्दल मला अधिक वाईट वाटते.

पहिल्या टप्प्याबद्दल थोडक्यात लिहिते. दोनशे प्रश्न, दोनशे गुण, दोन तास. सामान्य ज्ञानाचे ८० प्रश्न, रीझनिंगचे ६०, इंग्रजी आणि गणिताचे प्रत्येकी ३०. प्रत्येक विभागाला स्वतंत्र वेळ आणि चुकीच्या उत्तराला पाव गुणाची वजावट. सामान्य ज्ञानाच्या ८० प्रश्नांना २५ मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला वीस सेकंदही नाहीत. तिथे विचार करायला सवड नसते; आठवते किंवा आठवत नाही. बँकेतल्या नोकरीचा मला याच विभागात फायदा झाला, कारण परिपत्रके आमच्यापर्यंत कामाच्या निमित्ताने येतच होती. २०२३ च्या मे महिन्यात दोन हजारांच्या नोटा चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली आणि २३ तारखेपासून आमच्या काउंटरसमोर रांगा लागल्या. एका वेळी वीस हजारांपर्यंतच्या नोटा बदलून मिळतील, नोट अजूनही वैध चलन आहे, हे मी दिवसभरात इतक्या लोकांना सांगत होते की ते पाठ करण्याची वेगळी गरज पडली नाही.

पहिल्या प्रयत्नात मी हा टप्पा ओलांडला होता. अडचण दुसऱ्या टप्प्यात आली. त्यात तीन पेपर असतात : आर्थिक व सामाजिक प्रश्न, इंग्रजी लेखन, आणि वित्त व व्यवस्थापन. पहिल्या आणि तिसऱ्या पेपरात ५० गुण वस्तुनिष्ठ प्रश्नांना आणि ५० गुण वर्णनात्मक उत्तरांना असतात. वर्णनात्मक भागात सहापैकी चार प्रश्न सोडवायचे, दोन पंधरा गुणांचे आणि दोन दहा गुणांचे, वेळ नव्वद मिनिटे, आणि सगळे कळफलकावर टाइप करायचे. माझा टायपिंगचा सराव बँकेच्या संगणकावर खाते क्रमांक आणि रकमा भरण्यापुरता होता. सलग परिच्छेद टाइप करताना बोटे अडखळत होती. त्याहून मोठी अडचण अशी की पहिले वाक्य कोणते लिहावे, हेच ठरत नव्हते. महागाई, चलनविषयक धोरण, वित्तीय तूट या विषयांवर माझ्याकडे वह्याच्या वह्या भरलेल्या होत्या, पण स्क्रीनवर मी व्याख्या आणि आकडे एकाखाली एक मांडत गेले आणि चौथे उत्तर अर्धवट राहिले. निकाल आला तेव्हा यादीत माझा क्रमांक नव्हता, आणि मला त्याचे आश्चर्यही वाटले नाही.

त्यानंतरच्या महिन्यात मी माझी जुनी उत्तरे पुन्हा टाइप करून एका वरिष्ठ सहकारी मॅडमना वाचायला दिली. त्यांनी एका उत्तराच्या समासात पेन्सिलीने फक्त एक शब्द लिहिला : ‘म्हणून?’ मी लिहिले होते की मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियोजित बैठकीशिवाय रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर) ०.४० टक्क्यांनी वाढवून ४.४० टक्के केला आणि रोख राखीव प्रमाण (बँकांनी ठेवींपैकी जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा तो) अर्ध्या टक्क्याने वाढवून ४.५० टक्के केले. दोन्ही आकडे बरोबर होते. पण दर वाढला म्हणून कर्जाचे काय होते, कर्ज महागले म्हणून मागणीचे काय होते, बँकांकडची रोकड शोषून घेतल्याने त्यात काय भर पडते, यातले काहीही माझ्या उत्तरात नव्हते.

त्या एका शब्दाने माझ्या अभ्यासाची दिशा बदलली. नवीन साहित्य घेणे मी बंद केले. रिझर्व्ह बँकेची पतधोरणाची निवेदने, व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या बैठकांची इतिवृत्ते, वर्षातून दोनदा येणारा वित्तीय स्थैर्य अहवाल, आर्थिक पाहणी आणि अर्थसंकल्पाचे भाषण एवढ्यावर मी थांबले. इतिवृत्ते वाचण्याचा आग्रह मी प्रत्येकाला करते. समितीतील सहा सदस्यांपैकी प्रत्येकाने आपले मत का दिले, हे त्यात त्यांच्या स्वतःच्या निवेदनात असते. एकच आकडेवारी समोर ठेवून एक सदस्य दर वाढवा म्हणतो आणि दुसरा थांबा म्हणतो, हे वाचले की युक्तिवाद कसा बांधायचा ते कोणत्याही क्लासपेक्षा लवकर समजते.

दुसरा बदल भाषेचा होता. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले आहे आणि विचार मी आजही मराठीतच करते. पहिल्या प्रयत्नात मी थेट इंग्रजीत विचार करण्याचा आग्रह धरला होता, त्यामुळे वाचलेली वाक्येच तेवढी आठवत आणि स्वतःचे वाक्य तयार होत नसे. आता मी प्रत्येक विषय आधी आईला मराठीत सांगू लागले. ती भाजी निवडत बसलेली असे आणि मी समोर बसून बोलत असे. मग लगेच उठून धाकट्या भावाच्या लॅपटॉपवर तेच उत्तर इंग्रजीत टाइप करायचे : पंधरा गुणांच्या उत्तराला २५ मिनिटे, दहा गुणांच्या उत्तराला १८. चार उत्तरांची मिळून ८६ मिनिटे होतात आणि उरलेली चार मिनिटे प्रश्न निवडायला राहतात. हा हिशोब मी अखेरपर्यंत मोडला नाही.

२०२३ मध्ये पहिला टप्पा ९ जुलैला आणि दुसरा ३० जुलैला होता. मधल्या तीन आठवड्यांत टोमॅटो किलोला शंभराच्या पुढे गेले. त्याच दिवसांत मी आईला सांगत होते की सरकारने रिझर्व्ह बँकेला किरकोळ महागाई (म्हणजे ग्राहकाला द्याव्या लागणाऱ्या किमतींतील वाढ) चार टक्क्यांवर, दोन टक्के वर-खाली धरून, ठेवण्याचे लक्ष्य दिले आहे आणि त्यासाठी बँक व्याजदर वाढवते. आईने हातातली पिशवी खाली ठेवली आणि विचारले, ‘व्याज वाढवून टोमॅटो कसे स्वस्त होणार गं? कर्ज काढून कोणी टोमॅटो घेतं का?’

मला उत्तर देता आले नाही. रात्री मी पुन्हा इतिवृत्ते काढून बसले आणि हळूहळू उलगडत गेले. टोमॅटो महागला तो पीक कमी आल्यामुळे, आणि व्याजदराने पीक वाढत नाही. नवे पीक बाजारात आले की तो भाव उतरतो, म्हणून अशा तात्पुरत्या वाढीमुळे दर लगेच वाढवण्याचे कारण नसते. मात्र भाववाढ लांबली आणि पुढेही सगळे महागच होणार असे लोक धरून चालू लागले, तर रिक्षाचे भाडे, घरकामाचा पगार, दुकानदाराचे दर त्या अंदाजाने वाढतात आणि टोमॅटो उतरल्यावरही हे दर उतरत नाहीत. मध्यवर्ती बँक लक्ष ठेवते ते या दुसऱ्या फेरीवर. दुसऱ्या दिवशी हे आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘हे खरं. मागे गॅस महागला म्हणून पोळीवाल्या बाईंनी दर वाढवले, ते परत कुठे उतरले?’ त्या संध्याकाळी टाइप केलेले उत्तर हे माझे या परीक्षेच्या तयारीतले पहिले असे उत्तर होते, ज्यातले प्रत्येक वाक्य मागच्या वाक्यातून निघाले होते.

वित्त व व्यवस्थापनाच्या पेपरासाठीही मी हीच पद्धत वापरली. हर्झबर्गचा प्रेरणेचा सिद्धांत (पगार-सोयींनी नाराजी टळते, पण कामाची उमेद कामातून आणि प्रगतीतून येते, असे सांगणारा) लिहिताना आमच्या शाखेतील बदल्यांचे आणि बढत्यांचे उदाहरण घेतले की उत्तर आपोआप लांबते. रोख्यांच्या मूल्यांकनाची गणिते मात्र रोज दोन सोडवली. त्याला दुसरा मार्ग मला सापडला नाही.

दुसऱ्या टप्प्याचे केंद्र नवी मुंबईत होते. रविवारचा दिवस, पाऊस आणि मेगाब्लॉक. बाबांनी आदल्या दिवशीच ऐरोली पुलावरून जाणाऱ्या बसच्या वेळा काढून ठेवल्या होत्या आणि ते माझ्याबरोबर केंद्रापर्यंत आले. तिन्ही पेपर झाले, आठही वर्णनात्मक उत्तरे पूर्ण झाली.

मुलाखत ७५ गुणांची असते. ती हिंदीत किंवा इंग्रजीत देता येते. मी इंग्रजी निवडली. त्याआधी एक मानसशास्त्रीय चाचणी होते, तिचे गुण धरले जात नाहीत. मंडळाने माझ्या नोकरीबद्दल विचारले, नोटा बदलण्याच्या दिवसांत काउंटरवर काय अडचणी आल्या ते विचारले, आणि नंतर महागाईकडे वळले. जुलैचा किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के झाला असताना ऑगस्टमध्ये रेपो दर ६.५० टक्क्यांवरच का ठेवला, असा प्रश्न आला. मी आईचा प्रश्न त्यांना जसाच्या तसा सांगितला आणि मग माझे उत्तर दिले. एका सदस्यांनी विचारले की हीच गोष्ट सलग तीन तिमाही टिकली तर काय होईल. सरासरी महागाई सलग तीन तिमाही सहा टक्क्यांच्या वर राहिली तर लक्ष्य चुकले असे कायदा मानतो, रिझर्व्ह बँकेला सरकारकडे कारणांचा अहवाल द्यावा लागतो, आणि २०२२ मध्ये ती वेळ पहिल्यांदा आली होती, हे मी सांगितले. ठेव विम्याबद्दल कोणी विचारले नाही, जरी त्यावर बोलण्याची माझी सर्वांत जास्त तयारी होती.

अंतिम यादीत क्रमांक दिसला त्या रात्री बाबांनी विचारले, ‘म्हणजे आता एखादी बँक अडचणीत असली तर तुला आधी कळणार?’ मी त्यांना सांगितले की तसा विभाग मिळाला तर कळू शकेल, पण रुजू होताना गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते, त्यामुळे कळले तरी घरी सांगता येणार नाही. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘सांगू नकोस. पण वेळेवर बघ.’