हिरवीगार ब्राह्मी, नापास रिपोर्ट

आमच्या लॅबमध्ये औषधी वनस्पतींचा कच्चा माल तपासायला येतो. त्या दिवशीची ब्राह्मी पोतं उघडताच मनात भरली. रंग टिकलेला, काडीकचरा नाही. एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर बॅकोसाइड, म्हणजे ब्राह्मीतली औषधी द्रव्यं, तीही छान भरली. दुपारी धातू मोजणाऱ्या एएएस यंत्राचा रिपोर्ट आला आणि माल अडला. कॅडमियम हा विषारी धातू मर्यादेच्या तिपटीहून जास्त! आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक ग्रंथात, ही मर्यादा ०.३ पीपीएम (दहा लाख भागांत ०.३ भाग) आहे. ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायची चाचणी, पुन्हा लावली, नवा नमुना नायट्रिक आम्लात पचवला. आकडा तसाच.

माल पाठवणाऱ्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, परत स्वच्छ धुऊन देतो की."

धुऊन जाते ती वरची धूळ. कॅडमियम मुळांतून शिरतं, तेही लोह-जस्त ज्या वाटांनी आत जातं त्याच वाटांनी. मग वनस्पती ग्लुटाथायोन या पेशीतल्या रेणूपासून फायटोकेलॅटिन नावाच्या छोट्या साखळ्या बनवते, त्यात धातूला जखडते आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडून ठेवते. त्या बंदोबस्तामुळे ती तगते, पण कोंडलेला धातू तिच्या अंगातच राहतो आणि चूर्णाबरोबर रोग्याच्या पोटात जातो. तिथून त्याचा मुक्काम मूत्रपिंडात, वर्षानुवर्षं.

त्याच आठवड्यात काकांसोबत ब्राह्मीची जागा पाहायला गेले. नाल्याकाठी ब्राह्मीचा गालिचा पसरलेला आणि वरच्या अंगाला प्लेटिंगचे, म्हणजे धातूचा मुलामा देणारे, कारखाने. एक रोप उपटलं. वरून टवटवीत, पण मुळं आखूड, तपकिरी, तंतू जेमतेम. शिसं तर बहुतेक मुळांतच अडकतं, आणि ब्राह्मीचं आपण पंचांग, म्हणजे अख्खी वनस्पती, घेतो, मुळांसकट. शिवाय धातूंच्या ताणाखाली काही वनस्पतींत औषधी द्रव्यं वाढतातही. म्हणून नुसत्या बॅकोसाइडच्या टक्क्यांवर भाव ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

काका गप्प झाले. सगळा हंगाम त्या नाल्यावर होता. विहिरीच्या पाण्यावर वाफे करायचे, पण आधी माती-पाणी तपासून, असं ठरलं.

"मग हा माल खतात टाकू?"

नको म्हटलं. कुजला तरी कॅडमियम नाहीसं होत नाही, ते पुन्हा त्याच मातीत उतरेल. जाळायचाही नाही. पोती शिवून वेगळी ठेवा आणि घातक कचरा उचलणाऱ्यांकडेच द्या, असं मी रिपोर्टखाली लिहून दिलं.